टाचणीकाकूंनी शिवलेला शाळेचा पडदा

टाचणीकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तोंडात टाचण्या धरायची सवय त्यांना शिवण शिकत होत्या तेव्हापासूनची. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात चार-पाच टाचण्या कायम, त्यामुळे बोलणं सगळं अर्ध्या तोंडाने. होकाराला एक 'हं', नकाराला दोन, आणि गिऱ्हाईकाने "उद्या देता ना?" असं विचारलं की एक लांबलचक 'हंऽऽ', ज्याचा अर्थ परवा.

त्यांची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीपाशी शिवणयंत्र, बाजूला कापायचं टेबल, आणि खिडकीतून समोर प्राथमिक शाळेचं फाटक. शाळेतल्या निम्म्या पोरांचे गणवेश काकूंच्या हातचे. पहिलीतला सदरा तिसरीपर्यंत गेला पाहिजे, या हिशेबाने त्या आत भरपूर दुमड ठेवायच्या आणि मापही सढळ घ्यायच्या. पहिलीचा वर्ग लांबून पाहिला तर नुसते सदरेच शाळेला निघालेत असं वाटायचं. आया कुरकुरायच्या, पण तिसरीत गेल्यावर आपणहून येऊन सांगायच्या, "काकू, अजून चालतोय हो."

फाटकाशेजारी एक काळा फळा होता. तो मुलांसाठी नव्हता, घरच्यांसाठी होता. सकाळी मुलांना सोडायला आलेल्या कुणीही खडू उचलावा आणि आपल्या घरची बातमी लिहावी, अशी मोठ्या बाईंनी पाडलेली रीत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांचा नियम एकच: ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. त्यामुळे 'दुसरीतल्या जुळ्यांपैकी एकाचा दात पडला, कुणाचा ते विचारू नये' किंवा 'आजोबांचा हरवलेला चष्मा सापडला, कपाळावर होता' अशा बातम्या कित्येक दिवस तशाच राहायच्या आणि गावभर व्हायच्या. काकू शिवता शिवता खिडकीतून सगळं वाचायच्या. त्यांना जवळचं दिसायचं नाही, लांबचं मात्र स्वच्छ.

एका सकाळी फळ्यावर मोठ्या बाईंचं वळणदार अक्षर दिसलं. शाळेच्या रंगमंचाचा पडदा उंदरांनी खाल्ला होता. कुटुंबमेळाव्याला नवा हवा. तर प्रत्येक घराने आपल्या घरातलं वीतभर कापड द्यावं, ते सगळे तुकडे जोडून पडदा शिवू. शेवटी लिहिलं होतं, 'शिवणार आपल्या टाचणीकाकू.' काकूंना कुणी विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि सुनेला म्हणाल्या, "वाचलंस का? माझंच नाव आहे."

"वाचलं, सासूबाई. विचारायची पद्धत नाही वाटतं."

"आपल्या माणसाला काय विचारायचं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या.

तुकडे यायला लागले. पोस्टमनच्या जुन्या सदऱ्याचा खिसा आला, पाववाल्याच्या एप्रनचा कोपरा आला, परिचारिका असलेल्या एका आईने आपल्या पांढऱ्या कोटाची पाठ कापून दिली. दूधवाल्या वहिनींनी लग्नातला रेशमी रुमाल आणला आणि तो कसा ठेवायचा, कसा धरायचा हे इतकं समजावून सांगितलं की काकूंना वाटलं, लग्नच पुन्हा लागतंय. मोठ्या बाईंनी वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही आणली. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी ती टेबलावर ठेवली, एकदा हाताने सपाट केली आणि शाळेकडे वळल्या.

त्याच वर्षी शाळेत एक नवं कुटुंब आलं होतं. बाप बस चालवायचा, मुलगी काकूंच्या नातीच्याच वर्गात, तिसरीत. त्यांनी दिला भडक लाल, चमकणाऱ्या कापडाचा तुकडा. काकूंनी तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि मनात म्हटलं, हा रंग सोडणार.

आता उरलं काकूंच्या घरचं कापड. त्यांच्या पेटीत तळाशी एक लाल कापड होतं. शिवणाचं पहिलं काम मिळालं तेव्हा आईने दिलेलं. "चांगल्या कामाला वापर," आई म्हणाली होती. तेव्हापासून ते चांगल्या कामाची वाट बघत घडीतच होतं. लग्नात काढलं नाही, मुलाच्या बारशाला काढलं नाही.

"आजी, मग चांगलं काम येणार कधी?" नातीने विचारलं.

काकूंनी पेटीतून कापड काढलं. मनात देवाचं नाव घेतलं, कात्री घेतली आणि वीतभर कापून काढलं.

शिवायच्या आधी कापड पाण्यातून काढायचं, हा काकूंचा नेम. काय आटायचं ते आधीच आटू दे. संध्याकाळी त्यांनी मोठ्या टबात सगळे तुकडे भिजत घातले. बसवाल्यांचा लाल तुकडा तेवढा वेगळ्या तांब्यात टाकला. आईचं लाल कापड मात्र टबात, सगळ्यांबरोबर. त्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

सकाळी तांब्यातलं पाणी पिण्याइतकं स्वच्छ होतं. टबातलं पाणी सरबतासारखं गुलाबी होतं. त्यात पोस्टमन गुलाबी, पाववाला गुलाबी, परिचारिकेचा कोट गुलाबी, आणि मोठ्या बाईंच्या वडिलांची बाही अशी गुलाबी की जणू म्हाताऱ्याने हौसेने शिवून घेतली असावी.

काकू टबाशेजारच्या पाटावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. मग उठून त्यांनी एकेक तुकडा दोरीवर टाकला. हाताला काम हवं होतं म्हणून तोंडात टाचण्या धरल्या आणि यंत्रावर जाऊन बसल्या. तेवढ्यात दूध घालायला वहिनी आल्या. दोरी पाहून दारातच थांबल्या.

"अगं बाई. हे काय झालं?"

काकूंनी यंत्राचं चाक फिरवलं.

"बसवाल्यांचा तो लाल ना? त्याचाच रंग गेला असणार. मी तेव्हाच म्हटलं होतं, स्वस्तातला माल आहे. हो ना, काकू?"

आणि काकूंच्या तोंडून गेलं, "हं."

एवढंच. वहिनी आपला रुमाल दोरीवरून हळूच उचलून, उलटसुलट बघून, पुन्हा ठेवून गेल्या. दुपारपर्यंत फळ्यावर ओळ आली होती: 'पडद्याचे तुकडे गुलाबी झाले. लाल कापड देणाऱ्यांनी विचार करायला हवा होता.' काकूंना ती खिडकीतून अक्षर न् अक्षर दिसत होती.

शाळा सुटल्यावर नात आली ती दप्तर न काढताच म्हणाली, "आजी, आज ती एकटीच बसली होती डबा घेऊन. सगळे म्हणत होते, तुमच्यामुळे झालं. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, तुझ्या आजीनेच सांगितलं."

"मी कुठे काही सांगितलं?"

"मग कुणी सांगितलं?"

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी देवापुढे हात जोडले, पण रोजचं म्हणणं पुढे सरकेना. रोज त्या देवाला दिवसभराचं थोडक्यात सांगायच्या. आज काय सांगायचं? त्याने तांब्या पाहिलाच होता. सून पाठीमागून म्हणाली, "सासूबाई, आज फार वेळ?" तर त्या म्हणाल्या, "आज तोच बोलतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू एका पोराच्या चड्डीला नाडा ओवत असताना बसवाले दादा दारात आले. गणवेशातच होते, टोपी हातात. मुलीला सोडून कामावर निघाले होते. फळा वाचला असणार हे उघड होतं.

"काकू, माफ करा," ते म्हणाले. "माझ्या खेळाच्या सदऱ्याचा तुकडा होता तो. मुलीनेच हट्ट केला, बाबा जिंकले तेव्हाचा हाच द्यायचा म्हणून. रंग जाईल असं वाटलं नव्हतं. तुमची मेहनत वाया गेली. कुणाकुणाचं काय काय होतं त्यात. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगेन म्हणतो."

काकूंनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. त्याला जरा वेळ लागला. दादा उभेच होते.

"बसा," काकू म्हणाल्या. "तुमच्या कापडाचा रंग गेलेला नाही. माझ्या कापडाचा गेलाय. आमच्या घरच्या."

"पण सगळे तर..."

"सगळ्यांना मी तसं म्हणू दिलं. तुमचा तुकडा टबात नव्हताच. मी वेगळा भिजवला होता."

दादांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "वेगळा का?"

याचं गोड उत्तर काकूंना शोधूनही सापडलं नाही. "तुमच्यावर भरवसा नव्हता म्हणून," त्या म्हणाल्या. "माझ्यावर होता."

दादांनी टोपी डोक्यावर घातली. मग दादा म्हणाले, "माझं जाऊ द्या. मुलगी काल जेवली नाही." आवाज चढला नव्हता. काकूंना तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

त्यांनी चपला घातल्या. दादांना म्हणाल्या, "बस पाच मिनिटं थांबेल ना? चला."

फाटकापाशी घंटेच्या आधीची गर्दी होती. काकूंनी फळ्यावरची ती ओळ तळहाताने पुसून टाकली.

"काकू, ज्याचं त्यानेच पुसायचं असतं," मागून दूधवाल्या वहिनी म्हणाल्या.

"माझंच आहे ते. हात फक्त तुमचा होता," काकू म्हणाल्या आणि खडू उचलला. जवळचं दिसत नसल्याने अक्षरं डोंगराएवढी आली. 'रंग टाचणीकाकूंच्या घरच्या लाल कापडाचा गेला. बसवाल्यांचं कापड पक्क्या रंगाचं आहे.'

घोळका फळ्याकडे सरकला. वहिनी पुढे आल्या. "अहो, पण मी विचारलं तेव्हा तुम्ही 'हं' म्हणालात."

"तोंडात टाचण्या होत्या."

"टाचण्या रोजच असतात, काकू."

"असतात," काकू म्हणाल्या. "पण काल मला त्या काढता आल्या असत्या."

मग त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. त्या फाटकात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. "बाई, तुमच्या वडिलांची बाही..."

मोठ्या बाईंनी फळा पुन्हा एकदा वाचला. "किती गुलाबी?"

"बरीच."

"बाबा जन्मभर पांढऱ्याशिवाय दुसरं काही घालत नव्हते," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरासा हलला, आणि कुणाला कळायच्या आत त्या हसत होत्या. "आईने किती मागे लागून पाहिलं होतं. आता तिला सांगायला हवं."

तेवढ्यावर निभावलं असं नाही. परिचारिका रागावली होती आणि ती राग लपवणाऱ्यांतली नव्हती. "काकू, मला तो पांढरा हवाय," ती म्हणाली. "मला पांढराच हवाय." त्यावर दादाच म्हणाले, "रविवारी उकळून बघू. मला सुट्टी आहे. मी येतो."

रविवारी दादा आलेच, बायको आणि मुलीला घेऊन. त्यांच्यामागे पोस्टमन, पाववाला, परिचारिका, जुळ्यांचा बाप, असं करत काकूंच्या मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. दोन मोठी पातेली चुलीवर चढवली, त्यात साबण आणि सोडा. जो तो आपला तुकडा काठीने ढवळत होता आणि दुसऱ्याला कसं ढवळावं ते सांगत होता. ज्या बापांना घरात कपडे कुठे वाळत घालतात हेही ठाऊक नव्हतं, ते फेसावर मतं देत होते. वहिनींनी सगळ्यांसाठी दूध आणलं आणि पहिला पेला दादांच्या बायकोच्या हातात दिला. दादांची बायको म्हणाली, "साखर आहे ना?" तेवढ्याने दोघींचं भागलं.

बरेच तुकडे निवळले. परिचारिकेचा चौथ्या उकळीला एकदाचा पांढरा झाला. बाही मात्र गुलाबी ती गुलाबीच.

आपलं लाल कापड काकूंनी पडद्यात घ्यायचं नाकारलं. पुढे कधी पडदा धुतला तर पुन्हा तोच घोळ. नात हिरमुसली. "म्हणजे सगळ्यांचं घर पडद्यात आणि आपलंच नाही?"

"तू सांग, काय घालू?"

नातीने घरभर शोधलं आणि शेवटी काकूंच्या अंगावरच बोट ठेवलं. काम करताना बांधायचं जुनं पुढवस्त्र होतं, टाचण्या खोचून खोचून चाळण झालेलं. काकूंनी ते तिथल्या तिथे सोडून कापायच्या टेबलावर ठेवलं.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरून माणसं आली. काकू मागच्या बाकावर टोकाला बसल्या होत्या. पडदा लागला आणि सगळ्यांच्या आधी त्यांच्याच लक्षात आलं: रविवारच्या उकळीने तुकडे बोट-बोट आटले होते, आणि शिवण्याच्या घाईत त्यांनी नेमकं हेच मोजलं नव्हतं. पडदा खालून चांगला हातभर आखूड होता. पलीकडे ओळीने उभ्या राहिलेल्या मुलांचे नुसते पाय दिसत होते. काकूंनी कपाळाला हात लावला.

पण पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "ते आमचे, मोजे वर-खाली." लगेच दुसरं, "डावीकडचे आमचे, बूट उलटे घातलेत." पाहता पाहता अख्खं सभागृह पाय ओळखायला लागलं. जुळ्यांच्या बापाने चुकीचे पाय सांगितले आणि शेजारी बसलेल्या बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

बसवाले दादा उशिरा पोहोचले, गणवेशातच, धापा टाकत. बसायला जागा नव्हती. काकू सरकल्या, आणि अर्ध्या बाकावर ते टेकले.

"सुरू झालं?"

"नाही अजून. पाय ओळखणं चाललंय."

दादांनी मान वाकडी करून पाहिलं. "उजवीकडून तिसरी. बुटाची नाडी सुटलेली," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि तिच्या शेजारची, तिच्या पायावर पाय देणारी?"

"ती आमची," काकू म्हणाल्या. तोंडात टाचणी नव्हती, त्यामुळे शेजारच्या चार जणांना ऐकू गेलं.

दादा हसले. पलीकडून नाडी सुटलेल्या पायाने दुसऱ्या पायाला परतून लाथ मारली, पडदा हलला, आणि कुणीतरी दोरी ओढली.