रोखलेला श्वास

यकृत श्वासाबरोबर खालीवर होतं, म्हणून गाठीवर किरणं सोडताना ह्यांना श्वास रोखायला लावतात. मी बाहेरून काचेतून पडद्यावरची त्यांच्या श्वासाची हिरवी रेघ बघत बसते. स्पीकरवर बाईचा आवाज येतो, "श्वास घ्या. रोखा." लाटेसारखी चालणारी रेघ आडवी होते, आणि तेवढ्यातच मशीन काम उरकतं. बरं व्हायला माणसानं इतकं निपचित पडायचं? "सोडा," म्हटलं की माझाही श्वास सुटतो.

परवा दुपारी हे घरी झोपले होते. मोठा श्वास घेतला आणि छाती तिथेच थांबली. पंखा फिरत होता. शेवटी मीच त्या बाईच्या आवाजात म्हणाले, "सोडा."

त्यांनी सोडला.

तेव्हापासून मी दूध आणायलाही खाली उतरलेले नाही.