ओकबुनच्या पिवळ्या फिती

आमच्या गांगवॉन प्रांतातल्या डोंगराला दोन अंगं आहेत. पुढच्या अंगाला रोपवे, हॉटेलं आणि रविवारची झुंबड. मागच्या अंगाला बसचा शेवटचा थांबा आणि माझी खानावळ. तरी 'शांत वाट' शोधत गिर्यारोहक मंडळं इकडे येतात, फांद्यांना आपल्या नावाच्या फिती बांधतात, आणि त्या बघत मागून येणारे भलतीकडेच पोचतात. त्या फिती काढणं हे वनरक्षक मान्होचं काम. राष्ट्रीय उद्यानाच्या नोकरीत बावीस वर्षं त्यानं तेच केलं. भरलेली पिशवी आणून माझ्या चुलीत रिकामी करायचा.

"नाव मिरवायची एवढी हौस, तर स्वतःच्या दाराला बांधा की," म्हणायचा.

त्याची थोरली बहीण ओकबुन त्याच उतारावर रानभाजी खुडायची आणि पिवळ्या फडक्यात बांधून मला आणून द्यायची. दोन वर्षांपासून भाजीत गवत यायला लागलं. तिची नजर चालली होती.

"मान्होला बोललीस तर बघ," तिनं मला दम दिला. "घरात कोंडेल मला. डोंगरात माझी सोय मी केलीय."

कसली सोय, ते मी विचारलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारी मान्होनं चुलीपुढे पिशवी उपडी केली.

"नवीन मंडळ दिसतंय, वहिनी. फितीवर नावसुद्धा नाही. चोवीस निघाल्या, थेट झऱ्यापर्यंत."

मी एक उचलली. पिवळं फडकं, त्यावर सोया सॉसचा जुना डाग. डाग माझ्याच स्वयंपाकघरातला.

"मान्हो, ओकबुन कुठाय?"

"ताई? भाजीला गेलीय, सकाळीच. का?"

मी सगळं सांगून टाकलं. त्यानं फिती पिशवीत कोंबल्या आणि पळत सुटला. बाहेर धुकं उतरलं होतं.

ती तिसऱ्या दिवशी दरीत सापडली. टोपली पाठीला तशीच, भाजीनं भरलेली. दोन्ही तळवे सोललेले.

मान्होनं नोकरी सोडली नाही. रोज येतो, माझ्यासमोर बसतो, कालवण गार होईपर्यंत चमचा उचलत नाही. एकदाच बोलला.

"झऱ्यापासून खाली बघत आलो, वहिनी. मी फिती काढल्या त्यातल्या पंधरा झाडांच्या फांद्या तिनं चाचपून चाचपून मोडल्या होत्या. फीत नसताना पंधरा झाडं बरोबर ओळखली तिनं. सोळाव्याला चुकली."