गच्चीच्या फटीत टाकलेल्या किल्ल्या

आमची भट्टी उघडली की दोन गोष्टी हमखास निघतात. तडा गेलेले कप आणि किस्से. कप आम्ही गोणीत भरून टाकून देतो. किस्से डोक्यात साठत राहतात, आणि एकेक आठवला की मला अजून राग येतो.

आमची म्हणजे माझी आणि वसुधाची. मी आयुष्यभर आर्किटेक्चर शिकवलं. वसुधा माझी विद्यार्थिनी. भांडुपच्या एका गाळ्यात तिचा सिरॅमिकचा स्टुडिओ आहे. इमारती बघून मी वस्तू कागदावर काढतो, ती घडवते. माझ्या चित्रांत काही दम आहे की नाही, हे मी तिला विचारत नाही. ती हो म्हणेल अशी भीती वाटते, आणि नाही म्हणेल अशीही.

*

अंधेरीला प्रदर्शन होतं. आमच्या किटलीला बाहेरून गोल जिना होता. एका बाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"याचा उपयोग काय?"

"चहा."

"तो साध्या किटलीतही होतो ना."

जिना म्हणजे काय, चढणं म्हणजे काय, यावर मी त्यांना लेक्चर दिलं. आवाजही चढला. बाई निघून गेल्या.

वसुधा म्हणाली, "सर, त्या घेणार होत्या. पर्स उघडली होती त्यांनी."

*

मग मी चाळीचा टी-सेट काढला. चार कप, चौघांना मिळून एकच गॅलरी. एक कप उचलला की बाकीचे तीन डुगडुगतात. मी कौतुकाने घरी नेला.

नीला, माझी बायको, म्हणाली, "शेजाऱ्यांना हलवल्याशिवाय चहासुद्धा पिता येत नाही का?"

"अगं, तीच तर कल्पना आहे."

"छान. आणि कल्पना धुवायची कोणी?"

*

मीठ-मिरीच्या डब्यांची एक जोडी होती. मिरीसाठी देवनारचा कचऱ्याचा डोंगर, मिठासाठी ट्रॉम्बेचा घुमट. मालाडचे एक सुशिक्षित गृहस्थ घुमटावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "हा घुमट... म्हणजे, आपल्यातलाच ना?"

"अणुभट्टीचा आहे."

"मग चालेल."

त्यांनी जोडी घेतली. ती पुन्हा बनवायची नाही, असं मी वसुधाला सांगितलं.

*

आता आमच्या बिल्डिंगविषयी. मुलुंडची चार मजली, बिनलिफ्टची. माझा संसार तिथे झाला. रिडेव्हलपमेंटमध्ये ती पाडली. नवा टॉवर तयार झाला, तेव्हा बिल्डरचा मार्केटिंगवाला निखिल स्टुडिओत आला.

"काका, तुमची जुनी बिल्डिंग सिरॅमिकमध्ये बनवून द्या. पझेशनच्या दिवशी प्रत्येक फॅमिलीला गिफ्ट. इमोशनल व्हॅल्यू."

ज्यांनी पाडली, त्यांनाच तिची आठवण हवी होती.

वसुधा म्हणाली, "सर, नाही म्हणा."

मी नाही म्हणू शकलो नाही. दुसऱ्या कोणीतरी बनवली असती आणि चुकीची बनवली असती. जमिनीवर ती आता नव्हती. जे काही उरणार होतं, ते या साच्यात.

*

नमुना बघून निखिल म्हणाला, "झकास. फक्त हे ग्रिल आणि वाळत घातलेले कपडे काढू या ना. क्लीन लुक."

"मग ती आमची बिल्डिंग नाही."

"काका, लोकांना काही कळत नाही."

त्याच आठवड्यात जुन्या बिल्डिंगमधले, आमच्या खालच्या मजल्यावरचे सावंत स्टुडिओत आले. मालवणकडचे, मला मास्तर म्हणतात. नमुना हातात घेऊन ते फिरवत राहिले.

"माझी खिडकी खंय आसा, मास्तर?"

मी दाखवली. ग्रिलवर टॉवेल होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि चहा गार होईपर्यंत काढलं नाही.

ग्रिल राहिले. कपडेही.

*

निखिलचा शेवटचा फोन. "गच्चीला एक फट ठेवा, गल्ल्यासारखी. स्टेजवर आमचे शेठ नव्या फ्लॅटच्या किल्ल्या तुमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये टाकतील. काय कन्सेप्ट आहे ना?"

"आणि बाहेर कशा काढायच्या?"

"काका, तो नंतरचा विषय."

पाणी, पार्किंग, लिफ्ट, सगळे या माणसांचे नंतरचेच विषय होते. वसुधा म्हणाली, "सर, तळाला बूच ठेवू या." मी म्हटलं, "नको. त्यांनी मागितलंय तसंच द्यायचं."

नंतर वाटलं, हा निव्वळ हट्ट तर नाही? पण तोवर साचे भरले होते.

*

समारंभ टॉवरखालीच झाला. रिंग फटीत जाईना, म्हणून शेठनी प्रत्येक जुडगा सोडवला आणि सगळ्या किल्ल्या आत टाकल्या, डुप्लिकेटसकट. टाळ्या झाल्या. लोक आपापली बिल्डिंग घेऊन वर गेले आणि बंद दारांसमोर उभे राहिले. उलटी केली, हलवली. आत नुसता खुळखुळाट.

निखिल हातोडी घेऊन धावत आला. "फोडा ना, सिंपल आहे. आम्ही दुसरी देऊ."

सावंतांनी बिल्डिंग पोटाशी धरली. "एकदा फोडलंस, ता पुरे."

हातोडी कोणीच घेतली नाही. नीलानेही नाही.

शेवटी स्टेशनजवळच्या किल्लीवाल्याला आणलं. तो एकेक दार उघडत मजले चढत गेला. मध्येच घाम पुसत थांबला आणि त्याने सावंतांना विचारलं, "साब, पूरे बिल्डिंग का चाबी एकही दिन कैसे खोया?"

सावंतांनी काखेतली बिल्डिंग कानाशी नेऊन हलवली.

"खोया नहीं रे," ते म्हणाले. "घर में है."