बाकी ठीक

हेमराजला रडू येत नव्हतं, आणि ते येत नाही याचंही त्याला काही वाटत नव्हतं. बायको सिंधू पोळ्याच्या सणानंतर वारली. तेरवीला गोंदियाकडची सारी माणसं दुर्गजवळच्या रिसालीतल्या घरी हंबरडा फोडून गेली, आणि हा गडी खुर्चीवर बसून मांडवाचा एक बांबू तिरका आहे हे बघत होता. वाढलं की खायचं, सांगितलं की झोपायचं. आत नुसतं बधिर, दात काढायला इंजेक्शन दिल्यावर हिरडी होते तसं.

मुलगा प्रवीण रेल्वेत, निम्मा आठवडा लाइनीवर. म्हणजे सासऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं काम सुनेचं, नीतूचं. दुर्गच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, रोज संध्याकाळी घरातल्या कोणाला तरी दिवसभरातलं चांगलं काय ते सांगायचं, मनापासून आभार मानायचे. सांगायला काय जातंय! ज्यानं उभा जन्म बिघाड शोधण्यात घालवला, त्याला चांगलं दिसणार कुठून?

हेमराज पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होता. शिफ्ट संपली की पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा, आणि चार्ज देताना बिघडलेलं तेवढंच बोलायचं. अमुक दार धूर सोडतंय, तमुक झाकण नीट बसत नाही. धड चाललंय त्याचं नाव कोणी घेत नसे. त्याला तेवढीच भाषा ठाऊक. नीतूनं चहा पुढे ठेवून विचारावं, "बाबा, आज अच्छा काय झालं?" की हा ताठ बसून सांगे, "मोरीचा नळ गळून राहिला. पंखा आवाज करते. डाळीत मीठ कमी होतं."

पालथ्या घड्यावर पाणी. तरी ती विचारत राहिली, पण तीही माणूसच. एकदा अंगात ताप असताना तिनं स्वयंपाक केला, आणि संध्याकाळी हा म्हणाला, "पोळी एका बाजूनं कच्ची होती." नीतूनं कप उचलला आणि आतून प्रवीणला फोन लावला. "अब मेरे से नहीं होगा. बाबांले माह्या हातचं काहीच बरं दिसत नाही. मी आईकडे चालली." हेमराजनं सगळं ऐकलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, एवढं त्याला कळलं. वाटलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी हुडको कॉलनीतून बळीराम आला. वर्षानुवर्षं हेमराजकडून चार्ज घेणारा तो हाच. दाराशी भरलेली बॅग बघून त्यानं विचारलं, तशी नीतूनं सासऱ्यासमोरच सगळं ओकून टाकलं. बळीराम हसला.

"सूनबाई, हा ज्याचं नाव घेत नाही ना, ते डोळे मिटून ठीक समजाचं. तुह्यं नाव घेतलं का कधी यानं?"

"नाही."

"मंग?"

"मंग मले कसं समजन, काका? मी का प्लांटमधी होती?"

चहा पिऊन बळीराम गेला. हेमराज तिथंच बसून राहिला. सिंधू तरी कुठं प्लांटमध्ये होती, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

संध्याकाळी नीतूनं चहा ठेवला आणि काही न विचारता आत गेली. हेमराज उठला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हात मागे बांधून उभा राहिला, चार्ज द्यायला राहायचा तसा.

"नीतू, चहा ठीक होता. कपडे वेळेवर वाळले, ठीक. काल तुले ताप होता तरी तू पोळ्या केल्या, त्याबी ठीक. तू ठीक हायेस. पयल्या दिवसापासून."

नीतूनं गॅस बंद केला. "बाबा, हे बोलताना काही वाटून राहिलं का तुमाले?"

"नाही." खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. "काहीच वाटत नाही. पण सांगा लागते. सिंधूले मी कधी सांगितलं नाही. मीठ कमी पडलं तेवढंच सांगत गेलो. तिले वाटलं असन, सारा संसार बिघडलेलाच होता."

रडली ती नीतू. हेमराजचे डोळे कोरडेच होते. तिच्यामागं मोरीचा नळ गळत होता, तो त्यानं पाहिला आणि ब्र काढला नाही. तिचं रडणं होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

ओढणीनं नाक पुसून ती म्हणाली, "उद्या मी विचारीन, तवाबी सांगजा."