नववी ‘ब’चं भविष्य

स्टाफरूमच्या कपाटात प्रोजेक्टच्या फायली साठतात आणि माझ्या डोक्यात किस्से. फायलींना निदान वाळवी तरी लागते!

वडूजजवळच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी ट्रेनिंगहून ‘भविष्याचा विचार’ घेऊन आले आणि नववी ‘ब’ला प्रोजेक्ट देऊन टाकला : वीस वर्षांनंतरचं आपलं गाव.

*

हेडमास्तरांना पहिल्याच दिवशी घाई. “मॅडम, प्रोजेक्टचा अहवाल शुक्रवारी वर पाठवायचाय.”

“सर, हे वीस वर्षांनंतरचं आहे.”

“मग मागची तारीख टाका!”

*

कुठले धंदे बंद पडतील, हे शोधायला पोरं गावभर सुटली. रुखसानानं घरापासून सुरुवात केली. तिचे अब्बा शिंपी. “अब्बा, माप घ्यायला मशीन आलं तर?”

“येऊ दे की! गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतंय, त्याला ‘श्वास सोडा’ कोण म्हणणार?”

शिंपीकाम यादीतून ताबडतोब वगळण्यात आलं.

*

एका गटानं गावातल्या रिटायर्ड सुभेदारांना गाठलं. भविष्याचा प्लॅन कसा करायचा?

“फौजेत तीन प्लॅन असत्यात. ए, बी, सी.”

“त्यातला कुठला चालतो?”

“तिन्ही फसल्यावर सुचतो, त्यो!”

तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

*

शेवटी प्रत्येकानं स्वतःच्या भविष्याचा तक्ता करायचा होता. अट एकच, प्रत्येक भाकिताला पुरावा पाहिजे. प्रदर्शनाला पालक आले. सोनालीचे वडील, आबा, तर शेतातनं तसेच आले. सोनाली म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. तिच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत होतं : ‘दहावीनंतर लग्न. पुरावा : आबा मामाशी फोनवर बोलत होते.’

आबांनी दोनदा वाचलं. सोनालीनं मान खाली घातली, पण तक्त्यासमोरून हलली नाही.

“मॅडम, ह्ये तुमी लिवाय सांगितलं?”

“नाही. मी फक्त पुरावा मागितला होता.”

“आन् ह्ये खोटं ठरलं तर?”

“तर मार्क कापावे लागतील. पाच.”

“लय कडक हाय तुमचं.”

आबांनी पोरीकडं बघितलं. मग डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले,

“कापा!”