कोपऱ्यातली केळ

गास गावच्या नरहरींचा एक नेम होता. नवं औषध आलं की आधी वाडीच्या कोपऱ्यातल्या एकाच केळीवर. केळ जगली तर बाकीच्यांना, मेली तर दुकानदाराला शिव्या. साठी उलटल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला, आणि ही परीक्षेची खाज थेट गेमच्या डब्यात शिरली.

डबा मुलाचा, सुजयचा. तो नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि हातात मावणारा तो डबा आईकडे, आनंदीबाईंकडे राहिला. बाईंनी त्यातला शेतीचा गेम धरला आणि नऊ वर्षांत पडद्यावर अशी वाडी उभी केली की खरीनं लाजावं. दोनशे बारा झाडं, प्रत्येकाला नाव. पण डबा म्हातारा झाला होता, आणि कंपनीच्या कुलपामुळे वाडीची नक्कल काढून ठेवता येत नव्हती.

तेवढ्यात नरहरींना एक मोफत इन्स्टॉलर सापडला. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला. तो डब्यात शिरला की कुलूप उघडतं आणि घरी बनवलेले प्रोग्रॅम चालतात. वर ठळक लिहिलं होतं की हा प्रयोग आहे, डबा मेला तर आमच्याकडे रडत येऊ नका. नरहरींना हे फारच आवडलं. त्यांनी परीक्षक म्हणून नाव नोंदवलं, माणिकपूरहून तसाच एक जुना डबा आणला, त्याचं नाव 'कोपऱ्यातली केळ' ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी मारला.

आता शहाण्या माणसानं थांबावं की नाही? छे! इन्स्टॉलरची नवी आवृत्ती आली, तशी खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी गुपचूप बाईंचाच डबा उचलला. निम्मं काम झालं आणि पडद्यावर सूचना आली, पुढे जायचं तर ए बटण दाबा. ते चष्मा आणायला उठले. परतले तर डबा कोयता, पंप आणि मिक्सरच्या मधोमध पाटावर बसलेला, कपाळाला कुंकू, डोक्यावर झेंडू, आणि चार्जरची वायरही लावलेली.

पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी नारळ फुटेपर्यंत हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. नरहरी पाटाभोवती घुटमळले. एकच बटण दाबायचंय, असं तीनदा सांगून पाहिलं. कशासाठी, ते मात्र सांगवेना. बाईंनी आज नाही म्हणून सांगितलं. दोनशे बारा झाडं अधांतरी! जेवताना बिचाऱ्यांनी भातावर ताकाऐवजी पाणी ओतलं.

दसऱ्याला नारळ फुटला. बटण दाबण्याआधी त्यांनी सवयीनं मोबाइल पाहिला. इन्स्टॉलर लिहिणाऱ्यानं निरोप टाकला होता की ए दाबू नका, सगळं पुसलं जातंय, सात जणांचे डबे गेले. बी दाबून बाहेर पडा. नरहरींनी देवाचं नाव घेऊन बी दाबलं. वाडी जशीच्या तशी परत आली.

त्यांनी प्रामाणिकपणे अहवाल पाठवला. डबा जिवंत आहे, कारण तो एक दिवस पूजेत होता, वर झेंडू. पुढच्या आवृत्तीच्या सूचनांत खरोखरच एक ओळ वाढली: 'चोवीस तास थांबा. फूल ऐच्छिक.'

ती ओळ त्यांनी बाईंना मोठ्या ऐटीत वाचून दाखवली, आणि वाचता वाचता सगळंच कबूल करून बसले. बाई पडद्यावरच्या आंब्याला पाणी घालत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"अहो, कोपऱ्यातली केळ मेली की तुम्ही मधल्या केळीकडे वळता, चाळीस वर्षं बघतेय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पाटावर बसवला."