आईचा लाल पंचा

आमच्या शांती नगरात समोरच्या बिल्डिंगमध्ये काय फोडणीला पडलंय ते नाकाला कळतं, इतकी ती जवळ. त्या समोरच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, माझी आई एकटी राहते. तिला कमी ऐकू येतं आणि मोबाईल ती कपाटात साड्यांखाली ठेवते. म्हणून आम्ही ठरवलं होतं, सकाळी उठली की तिने खिडकीच्या ग्रिलला लाल पंचा अडकवायचा. पंचा दिसला म्हणजे आई बरी आहे. डबा भरता भरता मी एक नजर टाकायचे आणि ऑफिसला पळायचे. चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

त्या मंगळवारी साडेसात वाजले तरी ग्रिल रिकामं. आधी मी चिडलेच. विसरली असेल, दुसरं काय! पावणेआठलाही ग्रिल तसंच. गाऊनवर ओढणी टाकून धावत सुटले. बेल वाजवली, दार बडवलं, आत काहीच हालचाल नाही. जादा चावी शेजारच्या गुजराती बेनकडे, आणि बेन देरासरला, त्यांच्या जैन मंदिरात, गेलेल्या. मी दाराला कान लावून उभी. बाथरूमच्या ओल्या लाद्या डोळ्यांसमोरून हलेनात. पडली असेल तर केव्हा? रात्री, की मी इकडे पोळ्या लाटत होते तेव्हा? देवाचं नावसुद्धा आठवेना.

शेवटी बेन आल्या. "अरे, क्या हुआ? बा ठीक है ना?" चावी आणून कुलूप त्यांनीच उघडलं.

आई पलंगावर बसली होती. आंघोळ झालेली, वेणी घातलेली, तोंड दाराकडे. पंचा घडी करून उशाशी ठेवलेला.

"पंचा का नाही लावलास? जीव जायची वेळ आली माझी!" मी तिच्या कानाशी ओरडले.

"पंचा दिसला की तू येत नाहीस," ती शांतपणे म्हणाली. "गणपती झाल्यापासून आलीच नाहीस. समोर तर राहतेस."

मी फरशीवर बसले आणि रडायला लागले. बेन हळूच निघून गेल्या. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"एवढी घाबरशील असं वाटलं नव्हतं गं," ती म्हणाली. मी वर पाहिलं. तिला फार बरं वाटलं होतं.